लिनक्स संगणकाला पक्का आयपी अ‍ॅड्रेस: आधी कागदावर, मग सेटिंग्जमध्ये

ठाण्यात नौपाड्यातलं एखादं लग्नपत्रिका आणि व्हिजिटिंग कार्डं छापणारं दुकान घ्या. आत चार संगणक. एका जुन्या मशीनवर उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, टाकलेलं आहे आणि गिऱ्हाइकांच्या सगळ्या डिझाइन त्यावरच आहेत. बाकीचे तीन विंडोजवाले त्यावरचा शेअर केलेला फोल्डर उघडून काम करतात. ऐन लग्नसराईत, मे महिन्यात, वळवाचा पाऊस येतो, लाइट जाते, अर्ध्या तासाने परत येते. सगळी मशीनं चालू होतात, इंटरनेटही चालतं, पण तो फोल्डर काही उघडत नाही. हार्ड डिस्क गेली, व्हायरस आला, लिनक्सच बेभरवशाचं, असे तर्क सुरू होतात. प्रत्यक्षात मशीन ठणठणीत असतं. त्याचा आयपी अ‍ॅड्रेस (म्हणजे नेटवर्कमधला त्याचा नंबर) तेवढा बदललेला असतो आणि बाकीचे तिघे त्याला अजून जुन्याच आकड्यावर शोधत असतात.

यावरचा उपाय म्हणजे त्या मशीनला न बदलणारा, म्हणजे स्टॅटिक आयपी अ‍ॅड्रेस देणं. काम दहा-पंधरा मिनिटांचं आहे आणि बहुतेक सगळं माउसने होतं, त्यामुळे टर्मिनलची, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीची, भीती वाटत असेल तरी पुढे वाचा.

एक सूचना सुरुवातीलाच. या लेखात आकडे आणि कमांड देवनागरीत छापल्या आहेत. संगणकावर मात्र आकडे इंग्रजीत आणि कमांड लहान इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या. डीटीपीच्या दुकानात कीबोर्ड बहुधा मराठीवर ठेवलेला असतो. तसाच राहिला आणि रकान्यात देवनागरी आकडे पडले, तर ते दिसायला बरोबर दिसतात, पण 'अप्लाय'चं बटण उजळत नाही. सेटिंग्ज उघडण्याआधी कीबोर्ड इंग्रजीवर आणा.

अ‍ॅड्रेस बदलतोच का?

राउटरमध्ये डीएचसीपी नावाची सोय असते. नवीन यंत्र जोडलं की राउटर आपल्या यादीतला एक मोकळा आयपी अ‍ॅड्रेस त्याला ठरावीक मुदतीसाठी देतो. मुदत बहुधा काही तासांची किंवा एका दिवसाची असते. ती निम्मी उलटली की यंत्र आपणहून मुदतवाढ मागतं, त्यामुळे सगळं चालू असेपर्यंत अ‍ॅड्रेस सहसा तोच राहतो. घोळ होतो तो सगळं एकदम बंद पडून पुन्हा सुरू झाल्यावर. बऱ्याच साध्या राउटरमध्ये, आधी कोणाला काय दिलं होतं याची नोंद रीस्टार्टनंतर उरत नाही. लिनक्स आपला जुना अ‍ॅड्रेस पुन्हा मागून बघतं, पण तोवर कोणाच्या मोबाइलने तो घेतला असेल तर नवा पदरात पडतो.

वाशीच्या एपीएमसी मार्केटात गाळ्याचा नंबर ठरलेला असतो म्हणून गिऱ्हाईक थेट येतं. ज्या संगणकाकडे बाकीच्यांना यायचं आहे, त्याचंही तसंच. म्हणजे फाइल ठेवायचं मशीन, नेटवर्कवरचा प्रिंटर, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, हिशेबाचं सॉफ्टवेअर ज्यावर आहे तो संगणक, आणि ज्यात तुम्ही दुसऱ्या मशीनवरून शिरून काम करता तो रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक. यांना पक्का अ‍ॅड्रेस हवाच. उलट ज्या लॅपटॉपवर तुम्ही नुसतं ब्राउझर उघडता आणि मेल बघता, त्याला देऊ नका. त्याच्याकडे कोणीच येत नसतं, आणि पक्का अ‍ॅड्रेस दिला की त्याची आठवण ठेवण्याचं काम उगाच वाढतं.

इंटरनेट कंपनी विकते तो स्टॅटिक आयपी वेगळा

इथे फार गोंधळ होतो म्हणून थोडं थांबते. घोडबंदर रोडवरच्या सोसायटीच्या ऑफिसमध्ये बसून रेकॉर्डर सापडावा, हे काम आपल्या घरगुती नेटवर्कमधल्या अ‍ॅड्रेसने होतं आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. तोच रेकॉर्डर कमिटीतल्या कोणाला पुण्याहून किंवा दुबईहून थेट बघायचा असेल, तर प्रश्न बाहेरच्या, म्हणजे पब्लिक आयपीचा येतो. तो इंटरनेट देणारी कंपनी देते आणि त्याचे बहुधा वेगळे पैसे घेते.

आतल्या वापरासाठी तीन पट्टे राखून ठेवलेले आहेत, आणि १९९६ सालापासून जगभर तेच चालतात: १० ने सुरू होणारे सगळे, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. हे आकडे इंटरनेटवर बाहेर फिरत नाहीत. म्हणून तुमच्या दुकानात १९२.१६८.१.५० असला आणि शेजारच्या दुकानातही तोच असला तरी काही बिघडत नाही. तुमच्या राउटरच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे वॅनच्या पानावर, १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला आकडा दिसत असेल, तर कंपनीने एकच पब्लिक आयपी अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला आहे असं समजा. अशा जोडणीत बाहेरून थेट आत येता येत नाही, आत कितीही सेटिंग्ज बदलली तरी. लिनक्समध्ये काही करायच्या आधी आपलं काम कोणतं आहे, आतलं की बाहेरचं, हे पक्कं करा. पुढचा सगळा लेख आतल्या अ‍ॅड्रेसचा आहे.

आधी आत्ताची स्थिती लिहून घ्या

वही घ्या. खरंच घ्या, कारण मध्येच इंटरनेट बंद पडलं तर फोनवर ठेवलेली नोंद आणि मेलवरचा स्क्रीनशॉट शोधत बसावं लागतं.

टर्मिनल उघडा. उबुंटूमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि टी या कळा एकत्र दाबल्या की उघडतं. त्यात 'आयपी ए' ही कमांड द्या: आय आणि पी जोडून, मग एक स्पेस, मग ए, आणि एंटर. पडद्यावर दोन-तीन तुकडे दिसतील. पहिला 'एलओ' नावाचा, त्यात १२७.०.०.१ असतं. तो संगणकाचा स्वतःशी बोलण्याचा अ‍ॅड्रेस, त्याला हात लावायचा नाही. दुसरा तुकडा केबलच्या पोर्टचा. त्याचं नाव बहुधा 'ईएन'ने सुरू होतं, उदाहरणार्थ 'ईएनपी३एस०'. वायफायचं नाव 'डब्ल्यूएल'ने सुरू होतं.

त्या तुकड्यात 'आयनेट'ने सुरू होणारी ओळ शोधा. तिच्यात साधारण असं दिसेल: १९२.१६८.१.१०४/२४, मग 'बीआरडी' आणि १९२.१६८.१.२५५, आणि पुढे 'डायनॅमिक' हा शब्द. त्याच्याच खालच्या ओळीत 'व्हॅलिड'ने सुरू होणारा एक शब्द आणि पुढे सेकंदांचा एक आकडा असतो. हा आकडा म्हणजे राउटरने दिलेली उरलेली मुदत. मुदत एका दिवसाची असेल तर तो ८६४०० पासून उतरत जातो. तीच कमांड मिनिटभराने पुन्हा दिली की साठेक सेकंद कमी झालेले दिसतील. आपलं काम झाल्यावर 'डायनॅमिक' हा शब्द गेलेला असेल आणि सेकंदांच्या जागी 'फॉरएव्हर' आलेलं असेल. काम झालं की नाही हे ओळखायची सगळ्यात सोपी खूण हीच, म्हणून ही ओळ नीट बघून ठेवा.

आता 'आयपी राउट' ही कमांड द्या. 'डीफॉल्ट व्हाया'च्या पुढे जो आकडा येतो तो तुमचा गेटवे, म्हणजे राउटरचा आतला अ‍ॅड्रेस. पुष्कळ ठिकाणी तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, जिओच्या घरगुती राउटरवर बहुतेकदा १९२.१६८.२९.१. हे आकडे पाठ करून वापरू नका. तुमच्या पडद्यावर जे दिसतं तेच खरं.

वहीत चार गोष्टी उतरल्या पाहिजेत: इंटरफेसचं, म्हणजे केबलच्या पोर्टचं किंवा वायफायचं, नाव, आत्ताचा अ‍ॅड्रेस तिरक्या रेघेपुढच्या आकड्यासकट, गेटवे, आणि 'लिंक/ईथर'च्या ओळीतला मॅक अ‍ॅड्रेस. मॅक म्हणजे दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या, मध्ये विसर्गासारखी दोन टिंबं.

कोणता आकडा घ्यायचा

सगळ्या कामाचं मर्म या पायरीत आहे. सेटिंग्जमध्ये आकडे भरणं कोणालाही जमतं. पुढे त्रास होतो तो चुकीचा आकडा निवडल्यामुळे, आणि तोही लगेच होत नाही, पंधरा दिवसांनी होतो, जेव्हा तुम्ही हे काम विसरून गेलेले असता.

तिरक्या रेघेपुढे २४ असेल तर पहिले तीन आकडे सगळ्या यंत्रांना सारखे ठेवायचे आणि फक्त शेवटचा बदलायचा. त्यात ० आणि २५५ चालत नाहीत: ० हे नेटवर्कचं नाव, २५५ सगळ्यांना एकदम हाक मारायचा. राउटरचा स्वतःचा आकडाही घ्यायचा नाही. उरले २५३. त्यातला कोणता?

ब्राउझरमध्ये गेटवेचा आकडा टाकून राउटरचं पान उघडा. यूझरनेम आणि पासवर्ड बहुधा राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतात. स्थानिक केबलवाल्याने जोडणी दिली असेल आणि त्याने पासवर्ड बदललेला असेल तर त्याला फोन करून सरळ मागा. आत गेलात की 'लॅन' किंवा 'डीएचसीपी सर्व्हर' असं पान शोधा. तिथे सुरुवातीचा आणि शेवटचा अ‍ॅड्रेस दिलेला असतो. राउटर आपणहून वाटतो ते सगळे याच पट्ट्यातले.

तुमचा पक्का आकडा या पट्ट्याच्या बाहेर हवा. राउटर १०० ते १९९ वाटत असेल तर ५० घ्या. राउटर २ ते २५४ सगळंच वाटत असेल, आणि घरगुती राउटरमध्ये हे सर्रास दिसतं, तर आधी त्याचा पट्टा आवळा: सुरुवात १०० आणि शेवट २०० करून सेव्ह करा. आता २ ते ९९ तुमच्या हातात आले. माझी स्वतःची पद्धत अशी की प्रिंटरना २० च्या घरातले, कॅमेरा आणि रेकॉर्डरना ३० च्या, आणि फाइल ठेवणाऱ्या मशीनना ५० च्या घरातले आकडे द्यायचे. दुकानात नवीन माणूस आला तरी नुसता आकडा ऐकून त्याला यंत्र कोणतं ते कळतं.

पट्ट्याच्या आतलाच आकडा घेतला तर काय होतं? आज काहीच होत नाही. मग एके दिवशी तुमचं लिनक्स मशीन बंद असताना राउटर तोच आकडा कोणाच्या तरी फोनला देऊन टाकतो. तुम्ही मशीन चालू करता आणि एका आकड्यावर दोघं बसतात. फोल्डर उघडतो, मग अडकतो, मग पुन्हा उघडतो. कॉपी अर्ध्यावर तुटते. केबल बदलून बघितली जाते, संगणकांच्या केबल एकत्र जोडणारा स्विच बदलला जातो, आणि दोष मात्र एका आकड्याचा असतो.

'त्या आकड्याला पिंग करून (म्हणजे नेटवर्कवरून हाक मारून) बघितलं, उत्तर आलं नाही, म्हणजे मोकळा आहे' असं पुष्कळ जण सांगतात. यावर विसंबू नका. बंद असलेलं यंत्र उत्तर देत नाही, आणि चालू असलेले काही फोन आणि विंडोज संगणकही पिंगला गप्प राहतात. राउटरमधली जोडलेल्या यंत्रांची यादी आणि आधी हाताने अ‍ॅड्रेस दिलेल्या यंत्रांची आपली वही, हे दोन्ही बघूनच ठरवा.

राउटरमध्येच राखून ठेवला तर?

बऱ्याच राउटरमध्ये 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन', 'स्टॅटिक लीज' किंवा 'मॅक बाइंडिंग' अशी सोय असते. तिथे मॅक अ‍ॅड्रेस आणि हवा तो आकडा लिहिला की राउटर त्या यंत्राला कायम तोच देतो. लिनक्समध्ये काहीच बदलावं लागत नाही. प्रिंटर आणि लॅपटॉपसाठी मला हीच पद्धत जास्त पसंत आहे, कारण सगळी नोंद एका जागी राहते.

फाइल ठेवणाऱ्या मशीनचं वेगळं. राउटर बिघडून बदलावा लागला किंवा दुरुस्त करायला आलेल्या मुलाने त्याचं रीसेटचं बटण दाबलं, तर राखीव यादी पुसली जाते. मशीनमध्ये अ‍ॅड्रेस पक्का असेल आणि संगणक स्विचवरून जोडलेले असतील, तर राउटर नसतानाही मशीन आपल्या जागेवर असतं. बाकीच्या संगणकांचा अ‍ॅड्रेस टिकून आहे तोवर फोल्डर चालू राहतो. दुकानाचं काम इंटरनेटवाचून एक दिवस निघतं, फाइलींवाचून निघत नाही. म्हणून अशा मशीनला आतच पक्का अ‍ॅड्रेस द्या, आणि ते वायफायवर न ठेवता केबलवर ठेवा.

उबुंटूमध्ये प्रत्यक्ष काम

१. 'सेटिंग्ज' उघडा आणि 'नेटवर्क'वर जा. 'वायर्ड' जोडणीच्या पुढे दातेरी चाकाचं चिन्ह असतं, ते दाबा. वायफायवरच करायचं असेल तर 'वायफाय'च्या पानावर, जोडलेल्या नेटवर्कच्या नावापुढे तेच चिन्ह असतं.

२. वरच्या बाजूला 'आयपीव्ही४' हा टॅब निवडा. 'ऑटोमॅटिक' निवडलेलं असेल, ते बदलून 'मॅन्युअल' करा.

३. 'अ‍ॅड्रेस'च्या रकान्यात १९२.१६८.१.५०, 'नेटमास्क'मध्ये २५५.२५५.२५५.०, 'गेटवे'मध्ये १९२.१६८.१.१. अर्थात हे उदाहरणातले आकडे आहेत, तुम्ही वहीतले भरा. तिरक्या रेघेपुढचा २४ आणि २५५.२५५.२५५.० हे एकच, फक्त लिहायच्या दोन तऱ्हा.

४. खाली 'डीएनएस'च्या पुढचं 'ऑटोमॅटिक' बंद करा आणि रकान्यात गेटवेचाच आकडा लिहा, स्वल्पविराम द्या, मग ८.८.८.८ किंवा १.१.१.१ लिहा. पहिला गूगलचा, २००९ पासून चालू आहे. दुसरा क्लाउडफ्लेअरचा, २०१८ पासून.

५. 'आयपीव्ही६'च्या टॅबमध्ये काही बदलू नका. 'अप्लाय' दाबा.

६. आता जोडणीचं बटण एकदा बंद करून पुन्हा चालू करा. हे केल्याशिवाय नवा अ‍ॅड्रेस लागू होत नाही, आणि नवशिके नेमके इथेच अडकतात: आकडे भरलेले दिसतात, पण मशीन अजून जुन्यावरच असतं.

डीएनएसच्या चौथ्या पायरीकडे दुर्लक्ष करू नका. डीएचसीपी चालू असताना नावांवरून अ‍ॅड्रेस कुठे शोधायचा हेही राउटरच सांगत असतो. मॅन्युअल केलं की ती माहिती मिळणं थांबतं. मग इंटरनेट जोडलेलं असतं, पण एकही वेबसाइट उघडत नाही.

लिनक्स मिंटमध्ये पायऱ्या याच, खिडकीचं रूप थोडं निराळं.

झालं की नाही ते तपासा

'आयपी ए' पुन्हा द्या. नवा आकडा आणि 'फॉरएव्हर' दिसलं पाहिजे. मग क्रमाने तीन पिंग करा: टर्मिनलमध्ये 'पिंग', एक स्पेस, पुढे आकडा किंवा नाव, आणि एंटर. लिनक्समध्ये पिंग आपणहून थांबत नाही, कंट्रोल आणि सी दाबून थांबवायचं.

आधी गेटवेला पिंग करा. उत्तर आलं नाही तर केबल सैल आहे, किंवा अ‍ॅड्रेसचे पहिले तीन आकडे राउटरशी जुळत नाहीत. उदाहरणार्थ राउटर १९२.१६८.०.१ वर आणि तुम्ही सवयीने १९२.१६८.१.५० भरलेलं.

मग ८.८.८.८ ला. गेटवेला उत्तर येतं आणि इथे येत नाही, तर गेटवेचा रकाना रिकामा राहिला आहे किंवा त्यात आकडा चुकला आहे. राउटरचंच इंटरनेट बंद नाही ना, हे फोनवर बघून घ्या.

शेवटी एखाद्या वेबसाइटच्या नावाला. आकड्याला उत्तर येतं आणि नावाला येत नाही, तर दोष डीएनएसचा. चौथ्या पायरीवर परत जा.

हा क्रम मोडू नका. वेबसाइट उघडत नाही म्हणून थेट सगळे आकडे बदलत सुटलं की मूळ दोष कुठे होता ते कळतच नाही. तिन्ही पार पडले की मशीन पूर्ण रीस्टार्ट करून पुन्हा बघा, आणि मग विंडोजच्या संगणकांवर जुना शॉर्टकट पुसून नव्या आकड्याने फोल्डर जोडा. सगळंच फिसकटलं तर घाबरायचं कारण नाही: 'मॅन्युअल'चं पुन्हा 'ऑटोमॅटिक' करा, डीएनएसचंही करा, जोडणी बंद-चालू करा, मशीन पहिल्यासारखं होतं.

पडदाच नसेल तर

पडद्याशिवाय चालवलेल्या रास्पबेरी पायसारख्या यंत्रावर सेटिंग्जची खिडकी नसते. तिथे 'एनएमटीयूआय' ही कमांड द्या, तिच्या आधी 'सुडो' (मुख्य वापरकर्त्याच्या अधिकाराने चालवायचा शब्द) लिहून. निळ्या पडद्यावर साधा मेनू येतो, बाणाच्या कळांनी आणि टॅबने फिरायचं. 'एडिट अ कनेक्शन'मध्ये आपली जोडणी निवडा, 'आयपीव्ही४'चं 'ऑटोमॅटिक' बदलून 'मॅन्युअल' करा, 'शो' दाबलं की रकाने उघडतात. इथे अ‍ॅड्रेस लिहिताना शेवटी /२४ लिहायलाच हवं, कारण नेटमास्कचा वेगळा रकाना नसतो. सेव्ह करून 'अ‍ॅक्टिव्हेट अ कनेक्शन'मध्ये जोडणी एकदा बंद करून चालू करा. मात्र यंत्रात दुरून शिरलेले असाल तर जोडणी बंद करू नका, कारण त्याबरोबर तुम्हीही बाहेर पडाल. त्याऐवजी यंत्र रीस्टार्ट करा आणि नव्या आकड्याने आत या.

रास्पबेरी पायसाठी इंटरनेटवर सापडणारे जुने लेख 'डीएचसीपीसीडी'च्या फाइलमध्ये बदल करायला सांगतात. २०२३ च्या ऑक्टोबरात आलेल्या बुकवर्म आवृत्तीपासून ही पद्धत बदलली. त्या फाइलमध्ये काही लिहिलं तरी आता त्याकडे कोणी बघत नाही.

उबुंटू सर्व्हरवर नेटवर्कची मांडणी ठरवणारं 'नेटप्लॅन' असतं. त्याची फाइल 'ईटीसी' फोल्डरमधल्या 'नेटप्लॅन'मध्ये असते आणि तिच्यात ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागांना अर्थ असतो, म्हणून तिथे टॅब न वापरता फक्त स्पेस वापरायच्या. जुन्या लेखांतला 'गेटवे४' हा शब्द आता टाळायचा आहे, त्याऐवजी 'राउट्स' लिहितात. बदल लागू करताना 'सुडो नेटप्लॅन ट्राय' वापरा. त्यात १२० सेकंद मिळतात. तेवढ्यात तुम्ही एंटर दाबून होकार दिला नाही तर जुनी मांडणी आपोआप परत येते. सर्व्हर महापेच्या ऑफिसात आणि तुम्ही ठाण्यात घरी असाल, तर ही दोन मिनिटं तुमचा हेलपाटा वाचवतात.

लॅपटॉप, दोन राउटर आणि नवी कंपनी

लॅपटॉपला पक्का अ‍ॅड्रेस द्यावाच लागला तर एक लक्षात घ्या. वायफायची सेटिंग्ज त्या-त्या नेटवर्कच्या नावाशी बांधलेली असतात. ऑफिसच्या वायफायला दिलेला आकडा घरच्या वायफायवर येत नाही. केबलचं तसं नाही: 'वायर्ड' जोडणीत भरलेला आकडा केबल लावाल तिथे लागू होतो. वाशीच्या ऑफिसात बसवलेला लॅपटॉप ऐरोलीला घरी केबलवर चालत नाही तो यामुळे. 'नेटवर्क'च्या पानावर वायर्डच्या शेजारच्या अधिकच्या चिन्हावरून दुसरी प्रोफाइल करा, एक 'ऑफिस', एक 'घर', आणि जागेप्रमाणे निवडा.

दोन राउटरची भानगड छोट्या ऑफिसांत फार. कंपनीने दिलेला एक, आणि रेंज येत नाही म्हणून आतल्या खोलीत आपण घेतलेला दुसरा. दुसऱ्याच्या 'वॅन' पोर्टमध्ये केबल घातली की तो आपलं वेगळं नेटवर्क उभं करतो. बाहेरच्या खोलीत १९२.१६८.१ आणि आतल्या खोलीत १९२.१६८.० असे दोन कप्पे होतात. बाहेरचा संगणक आतल्या मशीनपर्यंत पोचत नाही, आणि पक्का अ‍ॅड्रेस देऊनही पोचणार नाही. दुसरा राउटर 'अ‍ॅक्सेस पॉइंट' मोडवर टाका, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न करता पहिल्याचंच नेटवर्क पुढे देतो. ती सोय नसेल तर आधी त्याचा अ‍ॅड्रेस पहिल्या राउटरच्या मालिकेतला एक मोकळा आकडा करा, मग त्याचं डीएचसीपी बंद करा, आणि केबल 'लॅन' पोर्टमध्ये घाला.

आणि इंटरनेट कंपनी बदलताना. जुना राउटर १९२.१६८.१.१ होता, नवा येतो तो १९२.१६८.२९.१. फोन आणि लॅपटॉप आपोआप नव्या मालिकेत जातात, पक्के अ‍ॅड्रेस दिलेली यंत्रं मागे राहतात आणि प्रिंटरपासून रेकॉर्डरपर्यंत सगळी एकदम दिसेनाशी होतात. प्रत्येक यंत्र उघडून बदलत बसू नका. जोडणी करायला माणूस आला असतानाच त्याला सांगा की नव्या राउटरचा लॅन अ‍ॅड्रेस १९२.१६८.१.१ करून दे आणि डीएचसीपीचा पट्टा १०० ते २०० ठेव. वही पुढ्यात धरा, म्हणजे त्याला काय भरायचं ते वाचून दाखवता येईल. तो जायच्या आधी लिनक्स मशीनवरून तिन्ही पिंग करून बघा.